डोंगरातल्या ओढ्याचं पाणलोट कसं आखायचं, पाणी कसं मोजायचं आणि तो संक्रांतीआधीच का आटतो

प्रश्न थोडक्यात असा: गावामागच्या डोंगरातून येणाऱ्या छोट्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र नकाशावर नेमकं कसं आखायचं, त्यातून किती पाणी वाहतं हे साध्या साधनांनी कसं मोजायचं, आणि पावसाळा चांगला होऊनही ओढा संक्रांतीच्या आत कोरडा का पडतो?

उत्तरासाठी नमुना म्हणून पुण्याचा आंबिल ओढा घेतो. कात्रजच्या डोंगरात उगम, मुठेत शेवट, अंतर जेमतेम दहा-अकरा किलोमीटर. एवढ्या अंतरात डोंगरउतार, तलाव, वळवलेलं पात्र, डोक्यावरून जाणारा कालवा आणि दोन्ही काठांना चिकटलेली वस्ती असं सगळं येतं. पाणलोट आखताना ज्या चुका होतात, त्यातल्या बहुतेक इथे एकाच ओढ्यावर दाखवता येतात. पद्धत मात्र मावळ, जावळी किंवा अकोले तालुक्यातल्या कुठल्याही ओढ्याला लागू पडते.

आखणीला सुरुवात उगमापासून करू नका. पाणलोट हे नेहमी एखाद्या बिंदूचं असतं: जिथलं जिथलं पाणी वाहत त्या बिंदूपाशी येतं ती सगळी जमीन. ‘आंबिल ओढ्याचं पाणलोट’ या शब्दांना तोवर अर्थ नाही, जोवर ‘कात्रजच्या खालच्या तलावाच्या सांडव्यापाशी’ किंवा ‘मुठेला मिळण्याच्या जरा आधी’ असं तुम्ही ठरवत नाही. हा बिंदू जमिनीवर ओळखता येईल असा घ्या: मोरी, पूल, बंधारा, नाहीतर संगम. संगम घेतलात तर बिंदू संगमाच्या वरच्या अंगाला ठेवा. पन्नास मीटर खाली सरकलात की पानशेत-वरसगावच्या मागचा डोंगरही तुमच्या हद्दीत येतो, कारण ते पाणीही तिथूनच वाहतं. ऐकायला हसू येतं, पण संगणकावर काम करणाऱ्यांची ही चूक दर दोन-चार नकाशांत एकदा तरी दिसते.

बिंदू ठरला की भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, घ्या. यात १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर आणि दोन समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) उंचीत २० मीटरचा फरक. आंबिल ओढ्याचा बहुतेक भाग ४७ एफ/१५ या शीटवर आहे, पण शीटची वरची कड १८ अंश ३० मिनिटांवर संपते आणि मुठेजवळचा शेवटचा तुकडा ४७ एफ/१४ वर जातो. छोटा ओढा आहे म्हणून एकाच शीटवर मावेल असं धरून चालू नका. दोन शीट जोडताना कडेच्या समोच्च रेषा एकमेकींना मिळतात का ते बघा. वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या असतील तर तलाव, रस्ते आणि वस्ती जुळत नाहीत. रेषा मात्र जुळायलाच हव्यात.

आता समोच्च रेषा वाचायच्या. रेषेचं टोक चढाच्या दिशेने आत शिरलं असेल तर तिथे ओघळ किंवा घळ आहे. टोक उताराकडे बाहेर आलं असेल तर ती डोंगराची सोंड. आधी निळ्या पेन्सिलीने सगळे ओघळ गिरवा. छापील निळी रेषा संपली म्हणून थांबू नका, रेषांची टोकं आत वळलेली दिसतात तिथपर्यंत वर जा. मग लाल पेन्सिल घ्या. ठरवलेल्या बिंदूपासून डाव्या काठाने चढायला लागा आणि सोंडेच्या पाठीवरून डोंगरमाथ्याच्या मुख्य धारेपर्यंत पोचा. धारेधारेने फिरून उजव्या सोंडेवरून पुन्हा त्याच बिंदूला या. लाल रेषा प्रत्येक समोच्च रेषेला काटकोनात छेदते आणि कोणत्याही निळ्या रेषेला एकदाच छेदते, ते म्हणजे तुमच्या बिंदूवर. दुसरीकडे कुठे छेदली तर रेषा चुकली. क्षेत्रफळासाठी वर सेंटिमीटरचा आलेख कागद ठेवून चौकोन मोजा. एक चौकोन म्हणजे २५ हेक्टर, म्हणजे वीस चौकोन भरले तर ५०० हेक्टर. कडेचे अर्ध्याहून जास्त भरलेले चौकोन धरा, बाकीचे सोडा. पहिल्या अंदाजाला एवढं पुरतं.

चूक होते ती खिंडीत आणि सपाट माथ्यावर. २० मीटरच्या दोन रेषांमध्ये १५ मीटर उंचीचा उंचवटा बेमालूम लपतो आणि नकाशावर तिथे फक्त पांढरी जागा दिसते. सह्याद्रीचे माथे पठारासारखे सपाट असल्यामुळे ही अडचण इथे नेहमीचीच आहे. त्यावर इलाज एकच, त्या जागी चालत जायचं. पहिल्या मोठ्या पावसानंतर गेलात तर उत्तम. गवत कुठल्या दिशेला आडवं पडलंय, काडीकचरा कुठल्या दगडाला अडकलाय यावरून पाणी कुठे गेलं ते कळतं. कोरड्या दिवसांत गेलात तर पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतात तशी काढा. वीस मीटरच्या नळीने सपाट माथ्याचा ढाळ अर्ध्या तासात कळतो. मोबाइलमधल्या जीपीएसच्या उंचीवर या कामात विसंबू नका, ती दहा-पंधरा मीटर सहज चुकते.

कात्रजची धार या दृष्टीने मोठी गमतीची आहे. धारेच्या उत्तर अंगाला पडलेला थेंब आंबिल ओढ्याने मुठेत, तिथून मुळा-मुठेत आणि रांजणगाव सांडसपाशी भीमेत जातो. हातभर पलीकडे दक्षिणेला पडलेला थेंब शिवगंगेत, तिथून गुंजवणीत, मग नीरेत. दोघांची गाठ पडते थेट नीरा नरसिंहपूरला, जिथे नीरा भीमेला मिळते. म्हणजे ही धार आंबिल ओढ्याची हद्द आहे, मुठा आणि नीरा या दोन खोऱ्यांचीही हद्द आहे, पण भीमेच्या हिशेबात ती आतलीच एक घडी. लहान पाणलोटं मोठ्यात अशी बसवलेली असतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या नकाशात ‘बीएम’ने सुरू होणारे क्रमांक दिसतात ते भीमा खोऱ्यातल्या पाणलोटांचे. तुमचा ओढा त्यातल्या एखाद्याचा छोटा तुकडा असणार. तो क्रमांक शोधून ठेवा, कारण विहिरींच्या पातळीच्या सरकारी नोंदी त्याच क्रमांकाखाली सापडतात.

हे झालं निसर्गाचं. माणसाने केलेले बदल समोच्च रेषांत दिसत नाहीत, आणि आज हद्द खऱ्या अर्थाने तेच हलवतात. डोंगर कापून काढलेला रस्ता म्हणजे आडवा चर. त्याची गटार चार-पाच ओघळांचं पाणी गोळा करते आणि एकाच मोरीतून खाली सोडते. मोरी बुजली की पाणी रस्त्याने धावतं, कधी खिंड ओलांडून शेजारच्या पाणलोटातही उतरतं. ६ जून २०१३ ला कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ महामार्गावर पाण्याचा लोंढा आला, त्यात एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली. वर डोंगर फोडून नैसर्गिक ओघळ बुजवले गेले होते. नकाशावर तो ओघळ केसाएवढ्या निळ्या रेषेचा असतो, अनेकदा तेवढाही नसतो.

दुसरं उदाहरण कालव्याचं. खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा समोच्च रेषा धरून जातो, त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक ओढ्याला त्याला आडवं जावंच लागतं. २७ सप्टेंबर २०१८ ला तो पर्वतीजवळ जनता वसाहतीपाशी फुटला आणि आंबिल ओढ्यावरच्या दांडेकर पुलाच्या परिसरात घरांमध्ये पाणी शिरलं. त्या पाण्याचा आंबिल ओढ्याच्या डोंगराशी काहीही संबंध नव्हता. म्हणून हद्द आखून झाली की नकाशावर तिसऱ्या रंगाने एक वेगळा थर काढा: कालवे, रस्त्याच्या गटारी, पावसाळी नळ, मैलावाहिन्या, पाणी उपसून नेणाऱ्या पाइपलाइन. जे पाणी हद्दीबाहेरून आत येतं आणि जे आतून बाहेर जातं, ते बाणांनी दाखवा.

तिसरी गोष्ट म्हणजे पात्रच वळवलेलं असणं. कात्रजचे दोन तलाव आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत आणलेला जमिनीखालचा नळ ही अठराव्या शतकाच्या मध्याची, नानासाहेब पेशव्यांच्या काळातली कामं. पर्वतीच्या पायथ्याचा तलाव, जिथे आज सारसबाग आहे, तोही त्याच काळातला. आंबिल ओढ्याचं पाणी पूर्वी पेठांच्या बाजूने जाई. आजचं पर्वतीखालचं पात्र हे वळवलेलं पात्र आहे. अशा ठिकाणी जमिनीचा मूळ उतार एकीकडे आणि ओढा दुसरीकडे असतो. मोठ्या पुरात पाणी जुन्या उताराचीच वाट शोधतं. आपल्याकडच्या बऱ्याच गावांत ‘जुना ओढा’, ‘मळवी’, ‘लवण’ अशी शेतांची नावं असतात. ती गोळा करा. नकाशात नसलेली पात्रं त्या नावांत सापडतात.

संगणकावर करायचं असेल तर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि पुरेसं आहे. उंचीचा ३० मीटरच्या चौकटींचा डेटा नासाच्या एसआरटीएम मोहिमेचा घ्या किंवा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचा कार्टोसॅट उपग्रहाचा. आधी तो यूटीएम ४३ उत्तर या, मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणा, नाहीतर क्षेत्रफळ अंशांत येईल. मग प्रवाहाची दिशा, प्रवाहाचा संचय (प्रत्येक चौकटीत वरच्या किती चौकटींचं पाणी येतं तो आकडा) आणि शेवटी बिंदूवरून पाणलोट, असा क्रम. ‘खळगे भरा’ हे साधन डोळे झाकून चालवू नका. ते दगडखाणी आणि तलावही भरून टाकतं आणि खाणीत थांबणारं पाणी खाली वाहतं असं दाखवतं. ग्रास या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमधलं वॉटरशेडचं साधन खळगे न भरताच चालतं, ते बरं. ओढा कुठून सुरू झाला असं मानायचं हे संचयाच्या मर्यादेवर ठरतं. ३० मीटरच्या एका चौकटीचं क्षेत्र साधारण ९०० चौरस मीटर, म्हणजे ५०० चौकटींची मर्यादा लावलीत तर ४५ हेक्टरांपेक्षा लहान ओघळ गायब होतील. डोंगरात १०० पासून सुरुवात करा आणि टोपोशीटच्या निळ्या रेषांशी ताडून बघा. तुमचा बिंदू संचयाच्या ठळक ओळीवरच पडला पाहिजे. एक चौकट बाजूला पडला तर पाणलोट म्हणून पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा मिळतो. आणि वस्तीत या डेटावर विश्वास ठेवू नका. तो घरांची छपरं आणि झाडांचे शेंडेही जमीन म्हणूनच धरतो.

ओढ्यांची श्रेणी काढणं सोपं आहे, त्यावर फार वेळ घालवू नका. ज्याला वरून कुणी मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा. दोन पहिले मिळाले की दुसरा, दोन दुसरे मिळाले की तिसरा. दुसऱ्याला पहिला येऊन मिळाला तर श्रेणी वाढत नाही, इथेच बहुतेक जण चुकतात. सगळ्या ओघळांची एकूण लांबी भागिले क्षेत्रफळ म्हणजे जलनिस्सारणाची घनता. ती जास्त असेल तर पाणी मुरण्याआधी पळतं, कमी असेल तर जमीन पितेय असं ढोबळमानाने समजा. दोन पाणलोटांची तुलना करताना दोन्हींचा नकाशा एकाच प्रमाणाचा हवा, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही.

खरा भूगोल यापुढे आहे, खडकात. सह्याद्री म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्ह्याचे थर. प्रत्येक थराचा खालचा-मधला भाग घट्ट, ज्याला विहीर खोदणारे काळा पाषाण म्हणतात. वरचा भाग बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा. त्या पोकळ्यांत पांढरी-हिरवट खनिजं भरलेली असतात आणि तो झिजून मऊ पडतो, हा मांजऱ्या. दोन थरांच्या मधे काही ठिकाणी तांबड्या, मातकट दगडाची पट्टी असते, वीतभर ते पुरुषभर जाडीची. दूरवरून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो तो यामुळेच: काळ्या पाषाणाचा कडा, मांजऱ्याची सपाटी, पुन्हा कडा.

ओढ्यातून खालून वर चालत जा आणि हे थर पात्रात वाचा. काळ्या पाषाणावर पात्र अरुंद असतं, तळ घासून गुळगुळीत, जागोजाग रांजणखळगे, आणि थराच्या कडेला लहान-मोठा धबधबा. धबधब्याच्या पोटाशी नीट बघा. बहुतेक वेळा तिथे तांबडी पट्टी किंवा मांजऱ्या आत खाल्लेला दिसतो आणि वरचा पाषाण छज्जासारखा पुढे आलेला. त्या सांध्यातून पाणी ठिबकत असेल, दगडावर शेवाळ आणि नेचे असतील, तर तुम्हाला झऱ्याची पातळी सापडली. वर मुरलेलं पाणी मांजऱ्यातून आणि पाषाणाच्या भेगांतून खाली येतं. तांबडा थर चिकणमातीसारखा असल्यामुळे ते पुढे उतरत नाही, आडवं सरकून डोंगराच्या अंगातून बाहेर पडतं. एक झरा सापडला की समोच्च रेषा धरून त्याच उंचीवर दोन्ही बाजूंना फिरा. पाणथळ गवत, उंबर, करंज किंवा उन्हाळ्यातही हिरवा दिसणारा पट्टा यावरून त्याच ओळीतले आणखी उपळे मिळतात. उंची लिहून ठेवा. थर जवळपास आडवे असल्यामुळे पुढच्या घळीतही झरा साधारण त्याच उंचीवर शोधायचा.

मांजऱ्यावर आलात की पात्र पसरतं, काठाला मुरूम दिसतो, दगड कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटतात. इथे ओढा पाणी पितो. वरच्या कातळावर खळाळणारा प्रवाह शंभर-दोनशे मीटरांत बारीक होतो किंवा दिसेनासा होतो, आणि खालच्या काळ्या पाषाणाच्या पट्टीवर पुन्हा वर येतो. लोक म्हणतात ‘ओढा बुडाला’. कधी पात्राला आडवी, भिंतीसारखी काळ्या दगडाची पट्टी जाते, ती थरांना छेदून उभी घुसलेली असते. ती घट्ट असेल तर वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि विहिरींना जास्त दिवस पाणी राहतं, खालच्या अंगाला विहीर कोरडी. ती भेगाळलेली असेल तर उलट तीच पाण्याची वाट होते. म्हणून जमिनीवरची हद्द आणि जमिनीखालची हद्द एकच असेल असं मानू नका. थराचा ढाळ शेजारच्या ओढ्याकडे असेल तर तुमच्या डोंगरावर मुरलेलं पाणी पलीकडच्या गावात झरा होऊन निघतं.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे: ओढा का आटतो? हिशेबासाठी ५०० हेक्टरचं पाणलोट आणि ७०० मिलिमीटर पाऊस धरू, पुणे शहराच्या आसपासचा. १ मिलिमीटर पाऊस १ हेक्टरवर पडला की १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर होतो. त्या हिशेबाने वर्षाला ३५ लाख घनमीटर पाणी पडलं. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये (लाव्ह्याच्या याच खडकात) पावसाच्या ६ ते ८ टक्के आणि भेगाळ, सच्छिद्र बेसॉल्टमध्ये १२ ते १४ टक्के पाणी मुरतं असं भूजल मोजणीत धरतात. मधला १० टक्के घेतला तर मुरलं साडेतीन लाख घनमीटर. हे पाणी ठेवायला जागा किती? बेसॉल्टची पाणी सोडण्याची क्षमता खडकाच्या आकारमानाच्या १ ते ३ टक्के, सरासरी २. विहिरींची पातळी सगळीकडे ३ मीटर उतरली तर ५०० हेक्टरांतून निघतात फक्त ३ लाख घनमीटर. आता ३० विहिरी धरा, प्रत्येकीतून रोज १०० घनमीटर उपसा. शंभर दिवसांत ३ लाख घनमीटर संपलं. दसऱ्यापासून मोजा, शंभर दिवस मकर संक्रांतीच्या आसपासच पुरे होतात.

ओढा म्हणजे भूजलाचा सांडवा. पावसाळ्यानंतर तो वाहतो ते आजूबाजूची पातळी त्याच्या तळापेक्षा वर असते तोवरच. पातळी तळाखाली गेली की विहिरींत अजून दहा-पंधरा फूट पाणी असलं तरी ओढा बंद. म्हणून ओढा विहिरींच्या आधी आटतो, आणि नवीन बोअर झाल्या की दरवर्षी आठ-पंधरा दिवस आधी आटायला लागतो. पाऊस कमी झाला म्हणून ओढा आटला असं म्हणण्याआधी मोटारी मोजा. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली आणि पाण्याच्या ताळेबंदावर पिकं ठरवली. तिथल्या चर-बंधाऱ्यांचे फोटो सगळे दाखवतात, ही बंदी मात्र फार कमी गावांनी उचलली.

प्रवाह मोजायला महागडं यंत्र लागत नाही. तीन पद्धती आहेत, पाण्याच्या आकारमानाप्रमाणे वापरायच्या.

धार बारीक असेल तर बादली. पाणी एका पन्हाळीतून किंवा पाइपातून पडेल असं चिखलाने अडवा, १५ लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजा, सरासरी काढा. बादलीवर लिहिलेल्या लिटरवर जाऊ नका, एकदा लिटरच्या मापाने भरून खूण करून घ्या.

प्रवाह सेकंदाला अर्ध्या लिटरपासून पंचवीस लिटरपर्यंत असेल तर व्ही-नॉच, म्हणजे नव्वद अंशांचा कोन कापलेला पत्रा. दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्या, खाच कापून तिची कड खालच्या अंगाने तासून धारदार करा, आणि पत्रा पात्रात उभा, बरोबर ओळंब्यात रोवा. बाजूने आणि खालून पाणी झिरपता कामा नये. चिकणमाती आणि प्लास्टिकचा कागद पुरतो. खाचेतून पडणारं पाणी पत्र्याला चिकटून नाही, सुटून पडलं पाहिजे आणि खाली हवा खेळली पाहिजे. पाणी चिकटून पडत असेल तर मोजणी चुकते. उंची मोजायची ती खाचेत नाही, कारण तिथे पाणी वाकून खाली येतं. पत्र्याच्या मागे तीन-चार फूट वर खुंटी ठोका, तिचा माथा खाचेच्या टोकाशी लेव्हलमध्ये घ्या आणि तिथे पट्टी धरा. सूत्र असं: उंची मीटरमध्ये घेऊन तिचा २.५ वा घात, गुणिले १.३८, उत्तर घनमीटर दर सेकंदाला. सोयीसाठी काही तयार आकडे: ५ सेंटिमीटरला पाऊण लिटर, १० ला ४.४, १५ ला १२ आणि २० ला २४.७ लिटर दर सेकंदाला. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाचपटीहून जास्त होतं, म्हणून अर्ध्या सेंटिमीटरची चूकही महागात पडते.

याहून मोठ्या प्रवाहाला तरंगती वस्तू. पात्राचा १० मीटर सरळ, एकसारखा तुकडा निवडा. तीन ठिकाणी रुंदी घ्या, प्रत्येक ठिकाणी पाच जागी खोली. समजा सरासरी रुंदी १.८ मीटर आणि खोली १५ सेंटिमीटर आली, म्हणजे छेद ०.२७ चौरस मीटर. तरंगवायला संत्रं चांगलं. ते जवळजवळ बुडून वाहतं, त्यामुळे वारा लागत नाही. थर्माकोलचा तुकडा वाऱ्याने पळतो, तो नको. पाच वेळा सोडा, काठाला अडकलेली फेरी रद्द करा. १० मीटरला २५ सेकंद लागले तर वेग ०.४. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा वेगाने जातं, म्हणून दगडगोट्यांच्या पात्रात ०.७ ने गुणा: ०.२८. गुणिले ०.२७ म्हणजे साधारण ७५ लिटर दर सेकंदाला. या पद्धतीत वीस टक्क्यांची चूक धरूनच चाला. पाणी गुडघ्याच्या वर आणि गढूळ असेल तर आत उतरू नका, पुलावरून मोजा.

एकदा मोजून काहीच कळत नाही. ऑक्टोबरपासून ओढा थांबेपर्यंत दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, सकाळी मोटारी सुरू व्हायच्या आत, त्याच जागी मोजा. आदल्या तीन दिवसांत पाऊस झाला असेल तर तसं लिहा. वाळू-गोट्यांच्या पात्रात वर पाणी दिसत नसलं तरी खालून वाहत असतं, म्हणून मोजणीची जागा उघड्या कातळावर घ्या.

पुराचा अंदाज वेगळा काढायचा. पाणलोटाच्या सगळ्यात लांबच्या टोकाचं पाणी बिंदूपर्यंत यायला किती वेळ लागतो हे किर्पिचच्या सूत्राने काढतात: लांबी मीटरमध्ये, तिचा ०.७७ वा घात. उताराचा उणे ०.३८५ वा घात, गुणिले ०.०१९५, उत्तर मिनिटांत. लांबी ४,००० मीटर आणि दोन टोकांच्या उंचीतला फरक २४० मीटर, म्हणजे उतार २४० भागिले ४,००० = ०.०६ असेल तर साधारण ३४ मिनिटं येतात. म्हणजे अशा ओढ्याला दिवसभराचा पाऊस किती झाला हा प्रश्नच नाही, अर्ध्या तासात किती जोराने पडला हा प्रश्न आहे. ताशी ६० मिलिमीटरचा जोर, ५०० हेक्टर आणि पाणी वाहून जाण्याचा गुणांक ०.४ धरला तर गुणाकार भागिले ३६०, म्हणजे ३३ घनमीटर दर सेकंदाला, जवळपास १,१८० क्युसेक (घनफूट दर सेकंदाला). तोच डोंगर खणून, फरसबंद करून गुणांक ०.७ झाला तर ५८ घनमीटर. मोरी मात्र जुन्याच मापाची. शिवाय हंगामाच्या शेवटी जमीन तृप्त आणि तलाव काठोकाठ असतात, तेव्हा गुणांक आपोआप वर चढतो. आंबिल ओढ्याचा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीचा पूर असा परतीच्या पावसाच्या दिवसांतलाच. तेव्हा कात्रजचे तलाव पाणी अडवण्याच्या स्थितीत नव्हते, आणि खाली पात्राची रुंदी भिंतींनी ठरवलेली होती.

कामं कुठे घ्यायची हे विचारलेलं नाही, तरी खडकाच्या अनुषंगाने एक सांगून ठेवतो. काळ्या पाषाणावर बांधलेला बंधारा मार्चपर्यंत भरलेला दिसतो आणि त्याचे सत्कार होतात, पण त्यातलं पाणी मुरत नाही, उन्हाने उडतं. मांजऱ्यावरचा बंधारा पावसाळ्यात चारदा भरून चारदा रिकामा होतो. त्याला लोक ‘गळका’ म्हणतात आणि खाली सिमेंटचं अस्तर घालायला निघतात. खरं काम तोच करत असतो. खालच्या विहिरींची पातळी बघा म्हणजे पटेल. तसंच सरसकट नाला खोलीकरणाचं. पात्रातला मुरूम काढून पाषाणापर्यंत खोल गेलात तर पाणी साठवणारा थरच उचलून नेला आणि काठच्या विहिरींचं पाणी ओढ्यात लवकर उतरायला वाट करून दिली. गाळ काढा, मुरूम राहू द्या.

वहीत प्रत्येक मोजणीबरोबर एवढं लिहा: तारीख, वेळ, जागा, पद्धत, तीन वाचनं, आदल्या दिवसांचा पाऊस, जवळच्या दोन विहिरींची काठापासून पाण्यापर्यंतची खोली, आणि त्या दिवशी किती मोटारी चालू होत्या. पावसासाठी पुढाऱ्याच्या अंगणातला पर्जन्यमापक पुरत नाही, कारण सह्याद्रीत पूर्वेकडे पाच-दहा किलोमीटरवर पाऊस निम्मा होतो. एक धारेजवळ आणि एक बिंदूजवळ ठेवा. ओढा ज्या दिवशी पूर्ण थांबला ती तारीख लाल शाईने लिहा, आणि त्यानंतरही उगमाकडच्या डोहात पाणी किती दिवस टिकलं ते.